साचेखात्याची बोली

केंद्राला जागा मिळाली ती पहिल्या मजल्यावर. विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, ग्रंथालयाच्या मागे, दोन खोल्या आणि एक अरुंद सज्जा. अपंगत्वाचा अभ्यास करणारं केंद्र, आणि तिथे जायला उंच दगडी पायऱ्यांचा जिना. यात काही विचित्र आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आम्ही आनंदाने खुर्च्या वर चढवल्या, दारावर पाटी लावली आणि शिपायाला कचोऱ्या आणायला पाठवलं.

मी समाजशास्त्र शिकवत होते. कुलगुरूंनी एक दिवस बोलावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, दिल्लीहून केंद्राला मंजुरी आली आहे. समाजशास्त्र, वैद्यक, कायदा, शिक्षणशास्त्र, इंजिनिअरिंग, सगळ्यांनी मिळून संशोधन करायचंय. संशोधन प्रमुख तुम्ही व्हा."

"मीच का, सर?"

"कारण बाकीचे विभागप्रमुख एकमेकांशी बोलत नाहीत. तुमच्याशी सगळे बोलतात."

एवढ्या पात्रतेवर मी प्रमुख झाले. पुढे कळलं की त्या कामाला खरोखर तीच पात्रता लागते.

पहिले सोबती म्हणजे मेडिकल कॉलेजचे कान-नाक-घशाचे डॉक्टर. ते मूळचे ग्वाल्हेरचे. निवृत्तीला आलेले, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत. अर्धं आयुष्य इंदूरला काढूनही आमचं हिंदीत बुडवलेलं मराठी ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी "अपन बघू ना सर" म्हटलं की ते शांतपणे "आपण" म्हणून दुरुस्त करायचे. मी पुन्हा "अपन" म्हणायचे.

संशोधन सहायकाच्या मुलाखती होत्या त्या दिवशी आम्ही दोघं वर उमेदवारांची वाट बघत बसलो होतो. शिपाई येऊन म्हणाला, "मॅडम, वो महूवाली लड़की आई है. जिन्यातच बसली आहे."

मी बाहेर येऊन पाहिलं. जिन्याच्या मध्यावर एक मुलगी भिंतीला टेकून बसली होती. दोन्ही पायांना कॅलिपर, शेजारी कुबड्या, मांडीवर फाईल. चेहरा घामाने डबडबलेला.

"सॉरी मॅडम," ती म्हणाली, "जरा दम घेते, मग येते वर."

मी तिच्याकडे पाहिलं, उरलेल्या पायऱ्यांकडे पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली. "सर, खाली या. इथेच घेऊ मुलाखत."

डॉक्टर आले. सफारी मळू नये म्हणून रुमाल पसरून पायरीवर बसले. त्यांचा पहिलाच प्रश्न थेट होता. "याच विषयात काम का करायचंय? स्वतःला पोलिओ झाला म्हणून?"

"नाही सर," ती म्हणाली. "पोलिओ होताना मला कुणी विचारलं नव्हतं. विषय मात्र मी निवडलाय. मला सर्व्हेचं काम आवडतं. लोकांच्या घरी जायला आवडतं."

तिचे आजोबा पलटणीत होते, वडील महूच्या लष्करी छावणीच्या ऑफिसात कारकून. बाबासाहेबांचं नाव घेऊन शिकलेलं घर. रोज बसने येणं-जाणं जमेल का, असं मी विचारलं तर ती हसली. "मॅडम, एम.ए. तसंच केलं. आता मी एक विचारू? केंद्र वरच राहणार आहे का?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी प्रमुख होते ना.

खालच्या मजल्यावर मोडक्या फर्निचरची खोली होती. ती मागितली तर फाईल पुढे जाईल असं उत्तर आलं. फाईल कुठे पुढे गेली कोण जाणे. ती मुलगी रुजू झाली त्या दिवशी मी टेबल उतरवून घेतलं आणि आवारातल्या निंबाखाली मांडलं. ती आणि मी तिथे काम करू लागलो. मेचा महिना, उन्हाच्या झळांची लू चालू होती, कागदांवर दगड ठेवायचे. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, आम्ही खरं ते सांगायचो. एक दिवस कुलगुरूंची गाडी निंबापाशी थांबली. त्यांनी काच खाली केली, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि काच वर केली. संध्याकाळी खोलीची किल्ली आली. इंजिनिअरिंगच्या प्राध्यापकांनी पोरं लावून दाराशी उतार बांधला. तो थोडा वाकडा झाला, पण पक्का होता.

त्या वर्षांत इंदूर आमच्या डोळ्यांसमोर बदलत होतं. छत्रीबागेत आमच्या घरी सकाळ सुरू व्हायची ती मिलच्या भोंग्यावर. भोंगा झाला की दूध तापायला ठेवायचं, दुसरा झाला की मुलांना उठवायचं. मग एकेक मिल बंद पडत गेली आणि भोंगे थांबले. सासूबाई कितीतरी दिवस दूध हातात घेऊन ओट्यापाशी उभ्या राहायच्या. रस्त्यावर पिवळ्या एसटीडीच्या पाट्या आल्या, छपरांवर डिशच्या ताटल्या आल्या, सराफ्यातल्या खाण्याच्या ठेल्यांवर नव्या कंपन्यांची थंड पेयं आली. आणि कालपर्यंत साच्यावर उभे राहणारे लोक हातगाडीवर केळी विकायला लागले, कुणी ऑटो चालवायला लागले, कुणी नुसतेच ओट्यावर बसून राहिले.

डॉक्टरांना या कामगारांच्या कानांचा अभ्यास करायचा होता. कापड विणायच्या यंत्रांना मिलमध्ये साचे म्हणत. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढून त्यांना किती कमी ऐकू येतं, हे मशीनने मोजायचं होतं. महूच्या मुलीचा याला विरोध होता.

"सर, मिलच बंद झाली. आता किती कमी ऐकू येतं हे मोजून त्यांना काय मिळणार?"

"आणि मोजल्याशिवाय तुमचं कोण ऐकणार?" डॉक्टर म्हणायचे.

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. वाद तापला की मी चहा मागवायचे. आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणजे काय, असं मला पुढे अनेक परिषदांमधून विचारलं गेलं. मला त्या खोलीतला आल्याचा चहाच आठवायचा.

मार्ग सापडला तो कामावरून घरी जाताना. सवाऱ्यांचा तीनचाकी टेम्पो राजवाड्याला सोडायचा, तिथून मी कृष्णपुऱ्यावरून चालत जायचे. एका संध्याकाळी तिथल्या होळकरांच्या समाध्यांच्या, म्हणजे छत्र्यांच्या, पायऱ्यांवर दहा-बारा माणसं गोल करून बसलेली दिसली. सगळे उतारवयाचे. कुणी तोंडाने अवाक्षर काढत नव्हतं, पण हात मात्र सारखे चालले होते. बोटं वळत होती, तळवे आपटत होते, भुवया उडत होत्या. मध्येच सगळे खदखदून हसले. मला वाटलं, काहीतरी खेळ चाललाय.

"काय चाललंय हो दादा?" मी विचारलं. कुणी वळून पाहिलं नाही. पुढे होऊन एकाच्या समोर उभी राहिले तेव्हा तो दचकला आणि गडगडाटी आवाजात म्हणाला, "बोला बाई!"

हे जॉबर. साचे दुरुस्त ठेवणं हे मिलमध्ये त्यांचं काम असायचं.

"तुम्ही हे हातांनी काय करताय?"

"गप्पा," ते म्हणाले. "साचेखात्याची बोली आहे ही. इतने साचे एकदम चालतात, तिथे तोंडाने बोलून क्या फायदा? सगळा कारभार हातांवर. आता मिल गेली, पण सवय कुठे जाते? घरी बोललो की पोरं म्हणतात, बाबूजी ओरडू नका. म्हणून इकडे येतो. इथे आपलं शांतीने बोलणं होतं."

मग त्यांनी शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. सडपातळ, पांढरी दाढी, अतिशय तल्लख डोळे. "आणि हे आमचे उस्ताद. याला जन्मापासून ऐकू येत नाही. पण भिया, साचेखात्यात याच्यासारखा बोलणारा दुसरा नव्हता. आमच्यातल्या अर्ध्यांना बोली यानेच शिकवली."

उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खांद्याशी हाताने काहीतरी केलं. सगळे हसले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, मास्तरीणबाई दिसतात. पिशवीने एक खांदा उतरलाय."

मी खांदा सावरला तशी ते आणखी हसले. मीही हसले. त्या दिवशी घरी पोचायला बराच उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात हे सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "जन्मजात बहिरा असेल तर तो माणूस आपल्या अभ्यासात बसत नाही."

"सर, तोच तर बसतो," महूची मुलगी म्हणाली.

तेव्हा मी प्रथमच चहा न मागवता निर्णय दिला. डॉक्टर कान तपासतील. ती कृष्णपुऱ्याला जाऊन त्या लोकांत बसेल, बोली शिकेल, मिलमधली आयुष्यं ऐकेल. अहवाल एकच होईल आणि दोघांच्या सहीने जाईल. दोघंही माझ्यावर नाराज झाले. म्हणजे निर्णय बरा असावा.

ती कृष्णपुऱ्याला जाऊ लागली. जॉबरनी तिच्यासाठी घरून एक स्टूल आणून ठेवलं. अडचण वेगळीच निघाली. कुबड्या काखेत असल्या की तिचे हात बोलायला मोकळे नसत. उभी असली की ती ऐकू शके, म्हणजे बघू शके, पण उत्तर देता येत नसे. उस्तादांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिच्यासाठी काही खुणा हनुवटीने आणि भुवयांनी करायच्या ठरवल्या आणि इतरांनाही शिकवल्या. काही महिन्यांनी मी पाहिलं तर ती उभ्याउभ्या नुसत्या चेहऱ्याने भांडत होती आणि समोर पाच-सहा म्हातारे तितक्याच त्वेषाने हात नाचवत होते.

एकदा ती आणि मी परदेशीपुऱ्यात उस्तादांच्या घरी गेलो. छोटी खोली, बाहेर तुळशीचा डबा, आत टीव्हीवर मोठ्याने मालिका. उस्ताद कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसले होते. कृष्णपुऱ्यावरचा माणूस तो हाच का, असा प्रश्न पडावा. मुलगा, सून, नातवंडं सगळी चांगली होती, पण त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं, कारण कुणाला येतच नव्हतं. जेवायला हाक मारायची तर दंडाला हात लावायचा, एवढंच.

त्यांच्या बायकोने आम्हाला चहा दिला. मी म्हटलं, "लग्नाआधी माहीत होतं का तुम्हाला?"

"हाँ, बताया था," ती म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पर बाई, मिल में तो ये बहरे थे ही नहीं. पाळीवरून यायचे तेव्हा यार-दोस्त दारापर्यंत सोबत असायचे, हात चालू असायचे. मिल बंद हुई, तब बहरे हुए."

परतताना ऑटोत तिने वही काढून ते वाक्य उतरवून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, आपला अहवाल हाच आहे." मी मान डोलावली.

पण डॉक्टरांची तपासणी राहिली होती. त्या दिवशी केंद्राच्या खोलीत मशीन मांडलं होतं. कामगार एकेक करून कानाला हेडफोन लावून बसत. डॉक्टर बटण दाबून आवाज सोडत, ऐकू आला की समोरच्याने बोट वर करायचं. बहुतेकांचे निकाल वाईटच होते. शेवटी उस्ताद म्हणाले, मलाही बसायचंय. डॉक्टरांनी सौजन्य म्हणून बसवलं.

डॉक्टरांनी बटण दाबलं. उस्तादांचं बोट वर. आवाज कमी केला, तरी बोट वर. अगदी बारीक केला, तरी वर. डॉक्टर चकित झाले. त्यांनी वायर तपासली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला. "कसं शक्य आहे? याचे कान तर माझ्यापेक्षा चांगले आहेत!"

मागे रांगेतली माणसं तोंडावर हात दाबून हसत होती. जॉबरना राहवलं नाही. "डॉक्टरसाब, तो तुम्हाला बघतोय! तुम्ही बटण दाबता ना, तेव्हा तुमची डावी भुवई उडते."

मला वाटलं, डॉक्टर आता रागावणार. पण ते खुर्चीत मागे रेलले आणि इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग उठून त्यांनी उस्तादांचा हात हातात घेतला. त्यानंतर खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून तपासणी केली. अर्थातच एकही बोट वर झालं नाही. पण पहिला कागद डॉक्टरांनी फाडला नाही. तो त्यांनी घरी नेला. पुढच्या आठवड्यापासून तेही कृष्णपुऱ्याला यायला लागले, आणि सफारीऐवजी साधा शर्ट घालून.

त्या हिवाळ्याइतकं आनंदाचं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. दिवेलागणीला, सराफ लोक दुकानांच्या फळ्या लावत असताना आणि खाण्याचे ठेले नुकते लागत असताना, आम्ही तिघं सराफ्यात जायचो. गरमागरम गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, त्यावर लिंबू आणि मसाला. महूची मुलगी कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर बसून पानं तपासायची, डॉक्टर तिच्या मराठीतल्या हिंदीवर खुणा करायचे आणि ती त्या खुणा खोडायची. अहवालात शेवटी तिचंच मराठी राहिलं. सही करताना डॉक्टर म्हणाले, "चला, अपन छापून टाकू." आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो.

अहवाल सादर करायचा कार्यक्रम विद्यापीठाच्या सभागृहात झाला. बाहेरगावचे एक मोठे तज्ज्ञ आले होते. कामगारांना आम्ही आग्रहाने बोलावलं होतं. ते धुतलेले कपडे घालून मागच्या रांगांत बसले. तज्ज्ञांनी इंग्रजीत भाषण सुरू केलं. ते काही संपेना. मुद्दा कधीच हरवला होता, पण गृहस्थ थांबायला तयार नव्हते. मी मंचावर जांभई दाबत होते. तेवढ्यात शेजारी बसलेली महूची मुलगी फस्सकन हसली. माइक समोरच होता. हसू सभागृहभर गेलं.

तज्ज्ञ थांबले. कुलगुरूंनी कपाळाला आठी घालून विचारलं, "काय झालं?"

तिचा चेहरा लाल झाला होता. "सर, माफ करा. मागे ते लोक बोलतायत, ते मला कळलं."

मागे तर सगळे गप्प बसलेले दिसत होते. कुलगुरू म्हणाले, "काय बोलतायत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सांगून टाक."

"उस्ताद म्हणतायत, मंचावरच्या जांभया बघा, साहेबांचा धागा केव्हाच तुटलाय, पण साचा चालूच आहे."

सभागृहात आधी कुजबुज, मग हशा. सगळ्यांत उशिरा तज्ज्ञ हसले, पण हसले. त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि म्हणाले, "मग त्यांनाच बोलू द्या." उस्ताद मंचावर आले. ते बोलत होते, ती मराठीतून सांगत होती. पहिल्या पाळीबद्दल, खात्यातल्या रुईच्या वासाबद्दल, मित्रांबद्दल, आणि मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवसाबद्दल. मागच्या रांगांत म्हातारे डोळे पुसत होते. तिचा आवाज एकदाच अडला. तेव्हा उस्तादांनी हात थांबवून ती सावरेपर्यंत वाट पाहिली.

समोरच्या रांगेत मूकबधिर मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. नऊवारी नेसणाऱ्या, करारी बाई. कार्यक्रमानंतर मी त्यांना गाठलं. "बाई, उस्तादांना तुमच्या शाळेत घ्याल का?"

"आम्ही मुलांना तोंडाने बोलायला शिकवतो," त्या म्हणाल्या. "हात चालायला लागले की जीभ आळशी होते. आमच्याकडे वर्गात हात पाठीमागे."

मला या शिस्तीबद्दल माहीत होतं. वाद घालून त्या बधणाऱ्या नव्हत्या. मी म्हटलं, "दऱ्या विणायला शिकवतील. हातमाग आमचे इंजिनिअर लोक लावून देतील. विणायला तर हात पुढे घ्यावेच लागतील ना?"

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "विणायला लागतील," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत मी फारशी येत नाही. माझे गुडघे दुखतात."

काही महिन्यांनी मी महूच्या मुलीबरोबर शाळेत गेले. विणकामाच्या खोलीत दोन माग होते आणि भोवती मुलामुलींचा गराडा. दरी हातभरच विणून झाली होती. पण गप्पा! एक परकरी मुलगी उस्तादांना घरचं काहीतरी सांगत होती, तिची बोटं एकमेकांत अडकत होती, आणि ते मान डोलावत धीराने बघत होते. जॉबर दाराशी बसून मागाची दोरी ओढून बघत होते, तेही आता रोज यायचे. मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. आम्हाला बघून त्या आत वळल्या.

वाटेत राजवाड्यापाशी उस्तादांची बायको भाजी घेताना भेटली. मी विचारलं, "कसे आहेत?"

"अच्छे हैं," ती म्हणाली. "घर आके सो जाते हैं. दिनभर बोल बोल के थक जाते हैं."

मी पुढे बरीच वर्षं प्रमुख होते. आणखी अभ्यास झाले, मोठ्या इमारतीत जागा मिळाली, लिफ्ट मिळाली. डॉक्टर गेले, उस्ताद गेले. मिलच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. मी निवृत्त होताना कुलगुरूंनी विचारलं, तुमच्या जागी कोण, तेव्हा उत्तर द्यायला मला विचार करावा लागला नाही. महूची मुलगी आता स्वतः निवृत्तीला आली आहे. परवा तिचा फोन आला. बाणगंगा भागातल्या एका नव्या कारखान्यात बाया पॅकिंगच्या मशीनवर काम करतात, तिथेही भयंकर आवाज असतो, आणि त्या हातांनी बोलतात, म्हणाली.

"मॅडम, बघायला येता का? गाडी पाठवते."

मी म्हटलं, "गाडी कशाला? टेम्पोने येते." टेम्पो आता राहिले नाहीत हे तिने मला हसत सांगितलं, आणि मी चप्पल शोधायला लागले.